मोहिनीचं डोहाळजेवण

आमच्या नांदूरघाटात बजरंगला आता सगळे श्वानप्रेमी म्हणतात. त्यानंच फ्लेक्सवर तसं छापून घेतलंय, म्हून म्हणावं लागतं. त्याचं अन् माझं घर भिंतीला भिंत लागून. त्याचं प्रेम किती उतू जातंय ते मला वासावरनं कळतं.

आधी हा कोंबड्या पाळायचा. कोंबड्या रोगानं गेल्या, पिंजरे राहिले. मंग फोनवर कुठला तरी व्हिडिओ बघून यानं त्याच पिंजऱ्यात जातिवंत कुत्र्या भरल्या अन् पत्र्याच्या शेडवर पाटी ठोकली, यळकोट डॉग फार्म. म्हंजे वरून खंडोबाचं नाव. कुत्री उभी राहिली की पाठ जाळीला लागायची, पाय खालच्या जाळीतनं निसटायचे. पिल्लांचे डोळे उघडले न उघडले की हा ती दीड महिन्याची म्हून इकायचा. चार दिवसात हगवण लागून पिल्लू मेलं, की तोंड वर करून सांगायचा, तुमच्या घरचं पाणी मानवलं न्हाई त्याला. मेल्याला लाज कुठली.

गू-मूत, खाणंपिणं, बाळंतपणं सगळं त्याची बायको वनमाला करायची. श्वानप्रेमी नुसता पिल्लू कडेवर घेऊन फोटो काढायचा.

सगळ्यात जास्ती पिल्लं दिली मोहिनीनं, ती पिवळी लॅब्राडॉर. एक वेत सरलं की दुसरं. आचळं लोंबायला लागली, अंगावरचे केस गेले. मागच्या वेताला अडली तवा केजच्या डॉक्टरनं पोट फाडून पिल्लं काढली अन् बजावलं, हिला परत गाभण राहू देऊ नका, राहिलीच तर दवाखान्यात आणा, घरी मरंल. बजरंगनं तिला परत गाभण केली. वनमालानं दवाखान्याचं काढलं की म्हणायचा, कुत्री हाय, कलेक्टरीण न्हाई, घरीच होईल. वनमाला भिंतीपाशी येऊन मला म्हणायची, विमलकाकू, ह्या बारीला ती जगत न्हाई. अन् रडायची. माझाबी जीव तुटायचा.

तेवढ्यात वडवणीच्या एका पुढाऱ्यानं नेलेलं पिल्लू मेलं. त्यानं सगळ्या ग्रुपवर बोभाटा केला, गिऱ्हाईक तुटलं. मंग बजरंगच्या सुपीक डोक्यातनं निघालं, मोहिनीचं डोहाळजेवण घालायचं. मांडव, स्पीकर, व्हिडिओवाला, जिलेबी. रुसलेल्या पुढाऱ्यालाबी हातापाया पडून आणला. वनमालाचा भाऊ सोमनाथ तिच्या माहेराहून, म्हंजे युसूफ वडगाव या गावाहून, जीप घेऊन आला. आमी गल्लीतल्या बायाबी गेलो की. जिलेबी कुणाला नको हाय?

मोहिनीला शांपूनं धुवून, फुलांचे दागिने घालून पाटावर बसवली. बसवली कसली, पोटाचं ओझं उचलंना म्हून ती आपसूकच बसली. ओटी भरायला कुत्रीला पदर कुठला? वनमालानं आपला पुढं केला. बाया हसून हसून बेजार झाल्या. बजरंगनं माईक घेतला, लांबण लावली अन् शेवटाला म्हणाला, मोहिनी कुत्री न्हाई, माझ्या घरची थोरली सून हाय, हिनंच घराण्याचं नाव केलं. टाळ्या पडल्या.

वनमाला ओटी तशीच पदरात धरून उठली अन् तिनं माईक मागून घेतला.

"सून म्हणलात ना? ओटी भरली, आता बाळंतपणाला माहेरी पाठवायची. तिला माहेर न्हाई, तर मी माझ्या माहेरी नेते."

बजरंगला चेष्टा वाटली, तो हसला. पण छबुबाई, आमच्या गल्लीतली सगळ्यात म्हातारी, तिनं बसल्या जागेवरनं सुनावलं की ओटी भरलेलीला दारात अडवू न्हाई, घराला बरं नसतं. मंग सगळ्याच बाया लागल्या, न्यावी, न्यावी. व्हिडिओ चालू, पुढारी खुर्चीत. आता ती कुत्रीच हाय म्हणायची सोय राहिली न्हाई. श्वानप्रेमीनं आपल्या हातानं मोहिनीला उचलून जीपमधी ठेवलं, अन् तेबी हसऱ्या तोंडानं. वनमाला तिच्याजवळ बसली.

सोमनाथनं जीप नेली ती सरळ केजच्या डॉक्टरकडं. पोट फाडावं लागलं. दोन पिल्लं मेली, बाकीची जगली, मोहिनीबी जगली. वनमालाच्या सांगण्यावरनं डॉक्टरनं तिची पिशवीच काढून टाकली.

सव्वा महिन्यानं बजरंग न्यायला गेला. सुनंसाठी साडी-चोळी न्हाई, नवी साखळी घेऊन. रिकाम्या हातानं माघारी आला अन् माझ्या ओट्यावर बसून त्यानं सगळं सांगितलं. पिशवी काढल्याचं कळल्यावर तो वनमालाला म्हणला होता, आता ही पिल्लं देणार न्हाई, मंग फुकट कशाला पोसायची? त्यावर ती शांतपणी बोलली होती.

"हेच तुमी एक दिस माझ्याबद्दल इचारणार. म्हून मीबी आता हितंच राहते."

एवढं सांगून बजरंग माझ्या तोंडाकडं बघत राहिला. "काकू, लई डोकं चालवलं. असं का बरं बोलली असंल ती?"

त्याला खरंच कळत न्हवतं. पलीकडं शेडात राहिलेल्या कुत्र्या सकाळधरनं उपाशी ओरडत होत्या. मी उठून त्याच्या हातात खराटा दिला अन् म्हणलं, आधी त्यांना खायला घाल, पिंजरे धू, मंग इचारायला ये.