मित्रा सिस्टरची नोंदणी

संघमित्रा हे पूर्ण नाव फक्त तिचा नवरा पुनाराम घेतो, तेही चिडला असेल तर. बाकी आमच्या अख्ख्या वॉर्डासाठी ती मित्रा सिस्टर. मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटच्या एका खासगी नर्सिंग होममध्ये तिने एकवीस वर्षं इंजेक्शनं दिली, सलाईन लावली, बाळंतपणं केली. पांढरी साडी, आणि छातीवर डाव्या बाजूला पिनेने उलटं लावलेलं घड्याळ. नाडी मोजताना मान खाली घातली की तिला काटे सरळ दिसायचे.

माझी तिची ओळख रजतच्या जन्मापासूनची. रजत माझा एकुलता एक. जन्मला तेव्हा तो रडला नाही. डॉक्टर शेजारच्या खोलीत दुसऱ्या बाईजवळ होते. सिस्टरने त्याचं तोंड साफ केलं, पाठ चोळली, रबरी फुग्याने श्वास दिला आणि वरून दमही दिला, “रड ना बे, काहून लाजून राह्यला?” तो रडला. मी मात्र त्या दिवशी घाबरले ती घाबरलेच. त्याला शिंक आली तरी मी नर्सिंग होमच्या पायऱ्या चढायचे. सिस्टर मला बघून दुरूनच म्हणायची, “आली पाय. अवं मंजू, एवढी भेतेस तं पोराले लोणच्याच्या बरणीत ठेव. वरून तेल टाक. काही नाही होत.”

तिचं माहेर गोंदिया जिल्ह्यातलं. ए.एन.एम.चा कोर्स तिने भंडाऱ्याला केला. पहिले काही आठवडे त्यांना संत्र्यावर सुई टोचायला शिकवत, हे ती नेहमी सांगायची. “संत्र्याची साल अन् माणसाची चामडी सारखीच. फरक एवढाच का संत्रा बोंबलत नाही.” बोलता बोलता ती मुलाच्या मनगटावर दोन बोटं ठेवायची, कोणत्या वर्गात आहे ते विचारायची, आणि उत्तर येईपर्यंत सुई आत गेलेली असायची. 

कोर्स झाल्यावर तिची नोंदणी मुंबईच्या नर्सिंग काउन्सिलमध्ये झाली. मग लग्न होऊन ती आमच्या जिल्ह्यातल्या रामपायलीला आली. दोन राज्यांच्या मधल्या बाघ नदीच्या अलीकडे आणि पलीकडे भात एकच, बोली एकच, मुली इकडून तिकडे देतात तेव्हा कोणी दोनदा विचार करत नाही. नोंदणीला मात्र ती नदी लागते. इथे काम करायचं तर मुंबईचं ना-हरकत पत्र आणून भोपाळच्या काउन्सिलमध्ये नाव घालावं लागतं. हे तिला कोणी सांगितलं नाही, आणि डॉक्टरांनीही कधी विचारलं नाही. त्यांना तिचा हात माहीत होता.

शेवटी तिने स्वतःच कुठेतरी ऐकलं आणि कागद घेऊन माझ्याकडे आली. मी बालाघाटच्या कॉलेजातून एम.ए. केलेली, घरात लॅपटॉप, म्हणून वॉर्डातल्या बायकांचे फॉर्म मीच भरते. शिष्यवृत्ती, राशन कार्ड, पेन्शन, सगळं. सिस्टरने साडीच्या दुकानाची पिवळी पिशवी माझ्या हातात दिली. “याच्यात माही सारी जिंदगी हाये. सांभाळून ठेव अन् एकदाचं भोपाळले पाठव.”

मी त्याच आठवड्यात बसले. प्रमाणपत्रावर वडिलांचं नाव, संघमित्रा महागू बोरकर. आधारवर नवऱ्याचं. त्यासाठी शपथपत्र हवं होतं. शिवाय मुंबईचं नूतनीकरण कधीच संपलेलं. वेबसाइट मध्येच अडकायची. ओटीपी तिच्या फोनवर यायचा आणि ड्यूटीवर तिचा फोन कपाटात असायचा. मी फॉर्म अर्धा भरून ठेवला. मग रजतची परीक्षा आली, मग दिवाळी, मग सासूबाईंचं डोळ्याचं ऑपरेशन. पिवळी पिशवी कपाटावर गेली.

सुरुवातीला सिस्टर विचारायची, “मंजू, माह्या पिशवीचं काय झालं?” मी म्हणायचे, “हौ सिस्टर, करून राह्यली.” पुढे तिने विचारणं सोडलं. फुकटचं काम, किती वेळा टोकायचं, असं तिला वाटलं असणार. चौदा महिने ती पिशवी कपाटावर होती. मी तिच्याखालून रोज कपडे काढत होते.

रजत अकरा वर्षांचा होता तेव्हा त्याला ताप आला आणि तिसऱ्या दिवशी सिस्टरच्याच नर्सिंग होममध्ये भरती करावं लागलं. त्याचे बाबा बैहरला वनविभागात नोकरीला, शनिवारशिवाय घरी येत नाहीत. मी एकटी. आणि नेमकी सिस्टर भाताच्या रोवण्यासाठी सासरी रामपायलीला गेलेली. सलाईन लावायला एक नवीन मुलगी आली, वीसएक वर्षांची. तिने चार ठिकाणी टोचलं. पाचव्यांदा लागलं, पण तासाभरात रजतचा हात कोपरापर्यंत फुगला.

मी तिला विचारलं, “कोर्स कुठून केला?”

ती हसली. “आंटी, आप टेन्शन मत लो. डॉक्टर साहब को सब मालूम है।”

त्या हसण्याने माझं डोकं फिरलं. अप्रशिक्षित नर्सांच्या बातम्या मी पेपरात वाचत होतेच. रजतच्या खाटेशी बसून मी फोनवरूनच सरकारी हेल्पलाइनला तक्रार टाकली. हिंदीत, चांगली मुद्देसूद. तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवावं, असंही लिहिलं. त्या मुलीचं वर्णन केलं, आणि शेवटी लिहिलं की येथील सर्व कर्मचाऱ्यांची नोंदणी तपासावी. ‘सर्व’ मीच घातलं. तक्रारीला वजन यावं म्हणून. ते लिहिताना कपाटावरची पिशवी मला आठवली नाही, हे कोणाला खरं वाटणार नाही. पण नाही आठवली. सिस्टरला तपासायचं असतं, हे माझ्या मनातच आलं नाही.

रजत बरा होऊन घरी आला. तीन आठवड्यांनी सकाळी सिस्टरचा फोन. आवाज नेहमीचाच. “मंजू, तपासणीवाले साहेब आले हायेत. कागद मागून राह्यले. ते पिशवी घेऊन ये बरं लवकर.”

मी पोहोचले तेव्हा नर्सिंग होमच्या मागच्या दारातून दोन मुली ओढण्या सावरत बाहेर पडत होत्या. हात फुगवणारी तर आधीच काम सोडून गेली होती. सिस्टर पळाली नव्हती. ती एका म्हाताऱ्याचं सलाईन बदलत होती, ते पूर्ण करूनच आली आणि साहेबांना म्हणाली, “नोंदणी है साहब। कागज इनके पास हैं। फॉर्म भर रही हैं।”

साहेबांनी पिशवीतले कागद टेबलावर मांडले. मुंबईचं जुनं प्रमाणपत्र. मुदत संपलेलं नूतनीकरण. माझा अर्धा फॉर्म, तारीख नसलेला. त्यांच्या उघड्या फाइलीत सर्वात वर एक छापील कागद होता. नाव झाकलेलं होतं, पण वाक्यं माझी होती. उलट्या बाजूनेही मला ती वाचता आली.

साहेब वाईट माणूस नव्हते. हळू आवाजात म्हणाले, “बहनजी, आप काम अच्छा ही करती होंगी। मगर यहाँ के रजिस्टर में आपका नाम नहीं है। आज से सुई को हाथ नहीं लगाना।”

सिस्टरने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मी काहीतरी बोलेन, अजून एखादा कागद काढेन, अशा आशेने. माझ्याकडे कागद नव्हता. होतं ते फाइलीत होतं, आणि ते मी बोलले नाही.

डॉक्टरांनी तिला काढलं नाही. त्यांनी तिला निळा अ‍ॅप्रन दिला, आयाबायांचा. बेडपॅन द्यायचं, चादरी बदलायच्या, पेशंटला धरून न्यायचं. घड्याळ तिने त्या अ‍ॅप्रनवरही लावलं. आता नोंदणी असलेल्या दोन नर्सा आल्या. शिकलेल्या मुली, हळूहळू हात बसला त्यांचा. पण पहिल्या महिन्यात मी एकदा पाहिलं, एक मूल किंचाळत होतं, नर्सला शीर सापडत नव्हती, आणि सिस्टर खाटेच्या पायथ्याशी दोन्ही हात पाठीमागे धरून उभी होती. मुलाची आई तिला म्हणत होती, “सिस्टर, तुमी लावा ना.” ती म्हणाली, “नाही बाई. थे लावते. तू पोराले बोलण्यात गुतव.”

नियम चुकीचा आहे असं मी म्हणू शकत नाही. रजतचा हात मी पाहिला आहे. ज्याच्या हातात आपण मूल देतो त्याचं नाव कुठेतरी लिहिलेलं असावं, हे मला आजही वाटतं. म्हणूनच दोष कुठे ढकलावा ते कळत नाही.

त्यानंतर मी त्या फॉर्मच्या मागे लागले. शपथपत्र केलं, मुंबईचं नूतनीकरण केलं, ना-हरकतसाठी पत्रावर पत्र पाठवलं. एकदा सिस्टरला घेऊन भोपाळला जाऊन आले. गाडीत तिने माझ्यासाठी भाकरी आणि मिरचीचा ठेचा आणला होता. “तुले केवढा तरास देऊन राह्यली मी,” असं ती दर स्टेशनला म्हणत होती. मी खिडकीबाहेर पाहत होते. या सगळ्याला तीन वर्षं लागली.

गेल्या सोमवारी प्रमाणपत्र आलं. मी धावतच वॉर्डातल्या तिच्या खोलीवर गेले. ती ड्यूटीची तयारी करत होती. तिने हात पुसले, कागद घेतला, आपलं नाव बोटाने वाचलं. भोपाळचा शिक्का पाहिला. मग तो कागद उशीखाली ठेवला आणि खुंटीवरचा निळा अ‍ॅप्रनच काढला.

“आता कायले घालून राह्यली तो?” मी म्हटलं. “डॉक्टरले कागद दाखव. आजपासून पांढरी साडी.”

“नाही मंजू.” तिने उजवा हात माझ्यापुढे धरला. “शुगर हाये मले. वर्ष झालं, बोटं बधिर होऊन राह्यली. परवा संत्रा आणून सुई मारून पायली. तीनदा सरकली.” ती थोडी हसली. “संत्रा काही बोंबलला नाही. पण मले समजलं. भोपाळनं पास केली मले, माह्यानं नाही होत.”

ताटलीत ते संत्रं होतं. सालीवर टोचल्याच्या खुणा सुकल्या होत्या.

मी बसले. तीन वर्षं जे गिळत होते ते तिथेच तोंडातून निघालं. “सिस्टर, ते तक्रार मी केलती. रजतचा हात फुगला तवा. तुह्यावर नाही केली, पण लिहिली मीच.”

ती बराच वेळ अ‍ॅप्रनच्या नाड्या बांधत राहिली. नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, बोटांमुळे असेल.

“बरं केलं,” ती म्हणाली.

“सिस्टर...”

“बरंच केलं म्हणते ना. पोरीनं लेकराचा हात फुगवला तं तिले काय हार घालतेस? मी बी केली असती.” मग ती माझ्याकडे वळली. इतक्या वर्षांत तिने माझ्याशी त्या आवाजात बोलणं मला आठवत नाही. “पण पिशवी काहून ठेवली, मंजू? चौदा महिने? तवा हात होता माहा.”

परीक्षा, दिवाळी, ऑपरेशन, वेबसाइट, सगळं ओठांवर आलं. एकही सांगण्यासारखं नव्हतं.

“राहून गेलं, सिस्टर.”

“हौ,” ती म्हणाली. घड्याळ पिनेने लावलं, मान खाली घालून वेळ पाहिली, आणि आठच्या ड्यूटीला निघाली. दारात थांबून म्हणाली, “संत्रा घेऊन जाय रजतले. सुई नवी होती. साल काढून दे, काही नाही होत.”

रजत आता चौदाचा आहे. त्याने ते खाल्लं आणि विचारलं, याला एवढी भोकं कशाची. मी त्याला अजून सांगितलेलं नाही. आज तो झोपल्यावर शेजारच्या दुर्गाबाईंच्या पेन्शनचा फॉर्म भरला, त्यांचे कागद आजच सकाळी आले होते. तो पाठवूनच हे लिहायला बसले.