स्क्रू नसलेला फिल्टर

मोताळ्यातले आमचे शेजारी कुठलीही वस्तू हाती आली की आधी उलटी करून स्क्रू शोधतात. माशांच्या टाकीचं पाणी गाळायला त्यांनी लोणच्याची बरणी आणि फवारणी पंपाची मोटर जोडून घरीच फिल्टर केलेला. त्याच्या घरघरीला कंटाळून मी त्यांना विकतचा आणून दिला. तो आठवड्यात बंद पडला, तसे ते तणतणत दारात आले.

"सर, याले स्क्रूच नाही! पुरं चिकटवून टाकलं. बिघडलं त उघडावं कुठून? आपल्याले का हात नाहीत?"

"फेकून द्या. दुसरा आणतो."

"काऊन फेकू?"

त्यांनी तो करवतीनं कापला. आतली बोटभर नळी निसटली होती, एवढंच! ती बसवून, सायकलच्या ट्यूबचं वायसर घालून त्यांनी झाकणाला चार स्क्रू मारले आणि फिल्टर माझ्यापुढं आदळला.

"तवा निस्ता इकत घेतला होता, सर. आपला आता झाला."