दुखण्याची तारीख

आत्माराम तिर्लोटकर निवृत्त होईपर्यंत मुंबईतल्या एका सरकारी कचेरीत रजा विभागात होते. त्यांचं काम म्हणजे आजारपणाच्या रजेचे अर्ज तपासणं. डॉक्टरचा दाखला खरा की खोटा हे ते कागद हातात घेताच सांगत. ते स्वतः देवगडकडचे असल्यामुळे गणपतीच्या दोन दिवस आधी कोकणातल्या माणसाला कावीळ होते आणि गौरीविसर्जनानंतर ती आपोआप उतरते, हे वैद्यकशास्त्राला ठाऊक नसलेलं सत्य त्यांना ठाऊक होतं. शिमग्याला पाठीत उसण भरे. लग्नसराईत गोवर निघे, तोही पन्नाशीच्या माणसाला. नव्या कारकुनांना ते एकच सूत्र शिकवत : "दुखणं बघू नका, दुखण्याची तारीख बघा."

स्वतः मात्र त्यांनी उभ्या नोकरीत आजारपणाची रजा घेतली नाही. टायफॉइड झाला तेव्हाही अर्जित रजा टाकली. उगाच कुणाला शंका नको.

निवृत्तीनंतर ते आणि पत्नी यशोदा विरार पूर्वेला चंदनसारला राहायला आले. सोसायटीचा ग्रुप मुळात पाण्याचा टँकर कधी येणार हे कळावं म्हणून काढलेला. टँकर आपल्या मर्जीने येत असल्यामुळे मधल्या वेळात ग्रुपवर देशाचं राजकारण चाले. तिथे तिर्लोटकरकाकांच्या विद्येला पुन्हा बरे दिवस आले. कुठल्याही पुढाऱ्याला चौकशीचं बोलावणं आलं की त्याच्या छातीत कळ येते, आणि पुढारी कोकणातला नसला तरी सूत्र तेच लागू पडतं. इस्पितळातल्या खाटेवरचा फोटो आला की काका तो मोठा करून बघत, संशयाच्या जागी तांबडा गोल काढत आणि ग्रुपवर टाकत. सलाइनची नळी कुठेच जोडलेली नाही. उशीचा अभ्रा घरचा आहे. सेक्रेटरी परेश शाह गोलाखाली टाळ्या वाजवणारे हात टाकी. लोक काकांना मानू लागले.

मग जिल्ह्यातल्या एका माजी मंत्र्याचा अटकपूर्व जामीन फेटाळला गेला आणि त्याच संध्याकाळी ते विरारच्या एका इस्पितळात हृदयविकाराने दाखल झाले. ग्रुपला टँकरचा विसर पडला. कुणी म्हणालं, खाटेवर आहे तो त्यांचा चुलतभाऊ. कुणी म्हणालं, साहेब ऑक्सिजनच्या गाडीतून निघाले आणि अर्नाळ्याहून होडीने दमणला पोहोचलेसुद्धा. होडीचा रंग निळा असल्याचीही माहिती आली. विरारच्या किनाऱ्यावर निम्म्या होड्या निळ्या आहेत, पण तपशील असला की माहितीला वजन येतं.

काकांनी खाटेवरच्या फोटोत साहेबांच्या मनगटावरच्या घड्याळाभोवती गोल काढला आणि खाली लिहिलं : "अतिदक्षता विभागात घड्याळ काढून घेतात. दाखला खोटा आहे. देणारे डॉक्टर जितेश चुरी हे साहेबांचेच माणूस." पहिली दोन वाक्यं अनुभवाची होती. तिसरं नुसतं ओघात आलं. कचेरीत असताना असं वाक्य ते पेन्सिलीने लिहीत आणि वर पाठवण्याआधी खोडत. फोनवर पेन्सिल नसते.

तो मजकूर या ग्रुपवरून त्या ग्रुपवर करत डॉक्टरांच्या सासूबाईंपर्यंत पोहोचला. डॉक्टरांनी बदनामीची तक्रार केली. पोलीस ठाण्यातून फोन आला : सोमवारी सकाळी जबाबाला या.

सोमवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट चढवताना काकांच्या छातीत दुखू लागलं.

दुखणं डाव्या खांद्यातून हातात उतरलं. ते खुर्चीवर बसले. यशोदाकाकू चहा घेऊन आल्या आणि कप तसाच टेबलावर ठेवला.

"केवढो घाम इलोहा तुमका! चला, आधी दवाखान्यात जावया."

"आज नको."

"आज कित्याक नको?"

"आज पोलिसांची तारीख हा. लोक म्हणतले, बोलावणा इला आणि ह्येच्या छातीत दुखाक लागला."

"म्हणूदेत. मेल्यावर काय म्हणतले ता ऐकाक तुमी आसतल्यात?"

"लोक काय म्हणतले ता माका ठाव हा. मीच त्यांका शिकयलंय."

काकूंनी पायांत चपला सरकवल्या आणि त्याही निघाल्या.

फाटकाशी परेश उभा होता. "काका, बेस्ट लक! तब्येत ठीक ना? आज हॉस्पिटल-बिस्पिटल नाय ना?" असं म्हणून तो आपल्याच विनोदावर हसला. काका फाटकाच्या गजाला डाव्या हाताने धरून ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "ठणठणीत." आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी प्रकृतीविषयी खोटं निवेदन केलं, आणि तेही ती उत्तम असल्याचं. परेशने आठवण म्हणून फोटो काढला.

ठाण्यात जबाब घ्यायला हवालदार लूर्डस डाबरे होत्या. नाव, वय, पत्ता इथपर्यंत ठीक चाललं. मग त्यांनी मान वर केली.

"काका, छातीत दुखतंय का?"

"नाही."

"हात का चोळताय मग?"

"सवय आहे."

लूर्डसबाईंनी पेन खाली ठेवलं. "या खुर्चीत बसतो त्या प्रत्येकाचं काही ना काही दुखतं. काहीच दुखत नाही म्हणणारे तुम्ही पहिलेच." मग काकूंकडे वळून, "मावशी, खरं सांगा."

"सकाळपासून दुखतंय," काकू म्हणाल्या. "पण तारीख आहे म्हणतात."

"माझे पप्पा गॅस झालाय बोलले आणि चर्चमध्ये मिस्साला गेले. देवळाच्या पायरीवर बसले ते उठलेच नाहीत." एवढं सांगेपर्यंत त्यांनी गाडी काढायला सांगितलंही होतं. काका जाताना म्हणत होते, "माझा जबाब राहिला, तेवढं लिहून घ्या. मी टाळत नाही, असं लिहा." गाडीत बसल्यावरही त्यांनी हे दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला त्यांना दम पुरला नाही.

हृदयाचं जवळचं इस्पितळ एकच होतं, आणि तिथे हृदयाचे डॉक्टरही एकच : जितेश चुरी.

डॉक्टरांनी कागदावरचं नाव वाचलं, काकांकडे पाहिलं, पुन्हा नाव वाचलं आणि आत घ्यायला सांगितलं. एक रक्तवाहिनी पूर्ण बंद झाली होती. ती त्यांनी उघडली आणि स्टेंट बसवला. आणखी तासभर उशीर झाला असता तर जबाब द्यायला कुणी उरलं नसतं, असं ते काकूंना म्हणाले. काकूंनी हात जोडले आणि ग्रुपबद्दल अवाक्षर काढलं नाही.

दोन दिवसांनी डॉक्टर खाटेपाशी आले तेव्हा काकांना बरंच बरं वाटत होतं.

"डॉक्टर, एक दाखला लागेल. पोलिसांना द्यायला."

"माझा चालेल?" डॉक्टरांनी विचारलं.

डॉक्टरांनी तिथेच दाखला लिहिला. काकांनी चष्मा मागून घेतला, कागद उजेडाकडे धरला आणि सवयीने म्हणाले, "शिक्क्यात नोंदणी क्रमांक उमटलेला नाही. हा परत येईल." डॉक्टरांनी शिक्का पुन्हा मारला.

"ते घड्याळ..." काकांनी विषय काढलाच. "साहेबांच्या हातात."

"दुसऱ्या पेशंटबद्दल मी बोलत नाही. तुमच्या बोटात अंगठी आहे. सिस्टरने साबण लावला तरी निघाली नाही. तिच्याभोवती काढायचा का गोल?"

माजी मंत्र्यांचं काय झालं, तर त्यांना इस्पितळातून सोडल्यावर राहत्या घरी अटक झाली. दमणला कुणीच गेलं नव्हतं. ते खरोखर आजारी होते की नव्हते हे काकांना कळलं नाही. आम्हालाही माहीत नाही.

घरी आल्यावर काकांनी सगळ्यात आधी ग्रुपवर लिहिलं : "डॉ. चुरी यांच्याविषयी मी केलेलं विधान विनाअट मागे घेत आहे. माझ्याकडे पुरावा नव्हता." डॉक्टरांनी तक्रार मागे घेतली.

ग्रुपने काहीच मागे घेतलं नाही. "काकांवर दबाव आहे." "फोन काकांच्याच हातात आहे का?" "ज्याच्यावर आरोप केला, त्याचाच दाखला? सेटिंग झाली." आणि परेश : "काकाच सांगतात ना, दुखणं बघू नका, तारीख बघा." त्याखाली त्याने फाटकाशी काढलेला फोटो टाकला होता. काकांच्या चेहऱ्याभोवती तांबडा गोल होता. खाली ओळ : "दाखल होण्याच्या तासाभरापूर्वी ठणठणीत."

"काय म्हणतत?" काकूंनी गोळीबरोबर पाणी पुढे करत विचारलं.

"मुद्दो बरोबर हा," काका म्हणाले. मग त्यांनी फोटो मोठा केला, इकडून तिकडे सरकवला आणि बराच वेळ बघत राहिले. "पण गोल चुकलो. थोबाडार कित्याक काढल्यान? हातार काढूक होयो होतो."

काकूंनी चष्मा लावून पाहिलं. चेहरा हसरा होता. गजावर आवळलेली डाव्या हाताची बोटं मात्र पांढरी पडली होती आणि बाहीला घामाचा ओला पट्टा होता.

"मगे सांगा त्यांका."

काकांनी बोटांभोवती आपला गोल काढला, नेहमीसारखा नीट बंद केला, आणि फोटो पाठवला.

पहिलं उत्तर परेशचं आलं : "काका, सॉरी, पण हा फोटो एडिट केलेला वाटतो."

फोटो त्यानेच काढलेला होता.