पहिल्या नंबरची खुर्ची

रविवार, ता. १४ मे १९३९. जळगावात तोतारामच्या घरी आम्ही अकरा जण जमलो. वर्गणी माणशी दीड रुपया, एकूण साडेसोळा रुपये. शिवाय आमचे आबा मास्तर, पण पाहुणे म्हणून त्यांच्याकडून काही घ्यायचे नाही असे आधीच ठरले होते. धुळ्याच्या इंग्रजी शाळेत १९११ साली मॅट्रिकच्या वर्गात आम्ही बावीस मुले होतो. त्यातले पाच वारले होते, सहा आले नाहीत, उरलेले अकरा. ह्या अकरांतला दामोदर वकील गेल्या महिन्यात, म्हणजे १९४१ च्या एप्रिलात, धुळ्यास वारला. बातमी मला अमळनेरला त्याच्याच एका पक्षकाराकडून कळली. आमच्या जिनात, म्हणजे सरकी काढण्याच्या कारखान्यात, तो कापूस घेऊन आला होता. कापसाची गाडी काट्यावर उभी असतानाच म्हणाला, “दामूअण्णा गेले हो, काल दुपारी.” मी वजन लिहून घेतले, पावती फाडून दिली, मग पेन खाली ठेवले.

ह्या साप्ताहिकाच्या मागच्या अंकात दामोदरवर दोन लेख आले. एकात त्याला ‘अजातशत्रू’ म्हटले आहे. संपादकांनी मलाही वर्गबंधू म्हणून चार ओळी मागितल्या. मी त्यांना स्पष्ट कळवले की तुमच्या अंकातला एक शब्द चुकला आहे. दामोदरला निदान एक शत्रू होता, आणि त्याचा पत्ता तुमच्याकडे आहे. ते म्हणाले, तेच लिहा. म्हणून लिहितो.

आमच्या वर्गात बसण्याची एक पद्धत होती, ती आताच्या मुलांना ठाऊक नसेल. जागा ज्याच्या त्याच्या नंबराप्रमाणे. पहिला मुलगा पहिल्या बाकाच्या टोकाला, त्याच्या शेजारी दुसरा, असे शेवटपर्यंत. मास्तर प्रश्न आधी पहिल्याला विचारीत. त्याला नाही आला तर दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. ज्याला येईल तो उठून चुकलेल्या सगळ्यांच्या वर जाऊन बसे. दिवसातून चार-चार वेळा दप्तरे इकडून तिकडे होत. मॅट्रिकच्या वर्षी दामोदर पहिला होता आणि मी दुसरा. जूनपासून नाताळपर्यंत सात महिने मी त्याच्या उजव्या हाताला बसलो, आणि त्या सात महिन्यांत एकदाही त्याच्या वर चढलो नाही. गणितात तो माझ्यापेक्षा हुशार नव्हता. लेखी परीक्षेत गणिताचे माझे गुण नेहमी जास्त असत. तोंडी प्रश्नात मात्र तो कधी अडकतच नसे. जरा आढ्याकडे बघायचा, मान किंचित उजवीकडे कलती करायचा, आणि उत्तर द्यायचा.

कारण मला नाताळच्या सुटीच्या आदल्या दिवशी कळले. मी शिंदखेड्याकडच्या खेड्यातला. गावच्या शाळेत आम्ही पाढे ओरडून पाठ केलेले... पावकी, निमकी, सवायकी, सगळे तोंडाने. असा शिकलेला मुलगा ओठ हलवल्याशिवाय हिशेब करूच शकत नाही. मास्तर दामोदरला प्रश्न विचारीत, आणि शेजारी मी माझी पाळी येईल म्हणून आपला पुटपुटत हिशेब करीत असे. मी शेवटच्या आकड्याला पोचलो की तोच आकडा दामोदरच्या तोंडातून बाहेर पडे. त्या दिवशी मी हिशेबात चुकलो, आठाऐवजी नऊ धरले, आणि दामोदरने जे उत्तर दिले त्यातही नेमकी तीच चूक होती. मी उभा राहून म्हणालो, “मास्तर, हा माझं ऐकून सांगतो.” वर्ग हसला. दामोदर अगदी शांतपणे उठला. “मास्तर, माझा उजवा कान लहानपणापासून जड आहे. घरी विचारा.” वर्ग आणखी हसला. माझ्याजवळ पुरावा नव्हता. उत्तर माझ्याही तोंडी चुकलेलेच होते, त्यामुळे चढण्याचा प्रश्नच आला नाही. मास्तरांनी दोघांनाही खाली बसवले, आणि त्या गोंधळात तिसऱ्याला विचारायचे राहूनच गेले.

त्या दिवसाला महत्त्व होते. नाताळच्या सुटीआधी जो पहिल्या नंबरावर असेल त्याला कॉलेजात शिकायला दोन वर्षे मदत द्यायची, असे धुळ्याच्या एका व्यापाऱ्याने कबूल केले होते. ती दामोदरला मिळाली. तो पुण्याला गेला, वकील झाला. मॅट्रिक दोघेही पास झालो, पण मी अमळनेरच्या जिनात काट्यावर कारकून लागलो तो आजतागायत तिथेच आहे, आता हेड कारकून. निकाल सांगायला गावी गेलो तेव्हा वडील बैल सोडत होते. त्यांनी विचारले, “तुना नंबर कितवा शे?” मी म्हणालो, “दुसरा.” ते म्हणाले, “मंग पहिला कोना?” मी नाव सांगितले. त्यांनी बैलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि गोठ्यात गेले. पुढे ते सोळा वर्षे जगले, पण हा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. काढला असता तर बरे झाले असते.

मी जिनातले काम वाईट म्हणत नाही. दोन मुली उजवल्या, मुलगा शिकतो आहे, कोणाचे देणे नाही. पण दुसऱ्याच्या ओठांवरून उचललेल्या उत्तरावर जो वकील झाला त्याला लोक ‘बुद्धिमान’ म्हणत, तेव्हा मला गप्प बसणे जड जाई. घरी म्हणत, “अहो, केव्हाची ती बाकं, अजून त्यावरून उठत कसे नाही तुम्ही?” बरोबर आहे. उठता आले नाही.

आता त्या १४ मेकडे येतो. कल्पना तोतारामची. तो धरणगावचा, जळगावात त्याची धान्याची आडत. वर्गात हा नेहमी विसाव्या-एकविसाव्या नंबरावर, म्हणून त्याला कधी कशाची चिंता नसे. त्याने बैठकीत बारा खुर्च्या मांडल्या. एक मास्तरांना, बाकीच्या आमच्या जुन्या नंबराप्रमाणे. मांडे आणि आमरस झाल्यावर त्याने जाहीर केले, “आते मास्तर वर्ग लेतीन!” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोणी नातवंडांचे आजोबा, कोणाला दम्याचा त्रास, पण प्रत्येक जण आपल्या जुन्या जागी जाऊन अगदी ताठ बसला. दामोदर पहिल्या खुर्चीवर, मी दुसऱ्या. तोताराम शेवटच्या खुर्चीवरून म्हणाला, “मास्तर, मना नंबर आते आणखी खाले जावाव नही, भिंत शे.”

मास्तरांनी डोळे मिटून तोंडी हिशेब घातला. खंडीला वीस मण, मणाला चाळीस शेर. तीन खंडी सात मण कापूस, शेराला अडीच आणे भाव. किती रुपये? प्रश्न दामोदरला. त्याने आढ्याकडे पाहिले... आणि त्याची मान उजवीकडे कलली. शेहेचाळीस वर्षांचा माणूस, डोक्याला रुमाल, कोटाच्या खिशात सोन्याचे घड्याळ, आणि मान तश्शीच कलली. माझ्या तोंडात विडा होता. तो मी गालात दाबून धरला आणि ओठ घट्ट मिटून घेतले. सत्तावीस वर्षांत काट्यावर मी निदान एवढे शिकलो आहे, आता मला पुटपुटावे लागत नाही. दामोदर थांबला. आणखी थांबला. “चारशे... चारशे सोळा?” मास्तरांनी मान हलवली. “पुंडलिक?” मी विडा गिळला आणि म्हणालो, “चारशे अठरा रुपये बारा आणे.” मणाला शंभर आणे, म्हणजे सव्वासहा रुपये, आणि मण सदुसष्ट. कोणीही ताडून पाहावे.

“बरोबर,” मास्तर म्हणाले. “वर ये.”

मी उठलो. दामोदर उठला नाही. मी त्याच्या खुर्चीपुढे उभा राहिलो. तो हसत म्हणाला, “अरे, खेळ आहे हा पुंडलिक.” मी म्हणालो, “खेळ आहे तर ऊठ.” तोताराम ओरडला, “ऊठ ना भो! बठ्ठा देखी ऱ्हायनात!” सगळे खरेच बघत होते. दामोदरने पायावर पाय टाकला. “वकिलाला खुर्चीवरनं उठवायचं तर समन्स काढावं लागतं. मास्तरांच्या ‘वर ये’वर होत नाही ते.” सगळे खो खो हसले. १९११ ला हसले होते तसेच, आणि बहुतेक तेच लोक. मी दुसऱ्या खुर्चीवर परत बसलो नाही. चहा येईपर्यंत पाऊण तास खिडकीशी उभा होतो. दामोदर एकदाही माझ्याकडे वळून बोलला नाही.

दर वर्षी मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी जमायचे असे तेव्हा ठरले आणि मी हो म्हटले होते, म्हणून १९४० साली गेलो. दामोदर आदल्या गाडीने येऊन सगळ्यांच्या आधी पहिल्या खुर्चीवर बसला होता. मास्तर आजारी, त्यामुळे वर्ग झाला नाही. नाहीतर त्या वर्षीच निकाल लागला असता.

यंदा मार्चमध्ये कळले की दामोदरच्या पोटात पाणी झाले आहे, अंथरूण सुटत नाही. मी मोटारीने धुळ्यास गेलो. दया आली म्हणून गेलो असे लिहिले तर खोटे होईल. मला एक गोष्ट विचारायची होती आणि वेळ थोडा होता. वहिनींनी चहा दिला. म्हणाल्या, “भाऊजी, फार बोलू देऊ नका हं.” दामोदर सुकला होता, पण डोळे तेच. मी त्याच्या उजव्या बाजूला बसलो आणि मुद्दाम अगदी हळू म्हणालो, “कान कसा आहे?”

“ठणठणीत,” तो म्हणाला.

वहिनी दारात होत्या. त्यांनीही ऐकले. मी विचारले, “मग तेव्हा?”

“तेव्हाही ठणठणीतच. अरे, तू शेजारी बसून उत्तरं सांगायचास, मी काय कान कापून ठेवायचे होते?” थोडा वेळ त्याला धाप लागली. “तुला सांगणार होतो... की ओठ हलतात तुझे. पण सांगितलं असतं तर माझं कसं व्हायचं?”

ह्यात ‘चुकलो’ हा शब्द नव्हता. मी तो मागितलाही नाही. मी एवढेच म्हणालो की हे मे महिन्यात सगळ्यांसमोर आणि मास्तरांसमोर सांग. तो म्हणाला, “सांगतो की. मे महिन्यात उठतो आणि सांगतो.” मग वहिनींकडे वळून म्हणाला, “बघितलंस, आजाऱ्याला भेटायला आला आणि तारीख लावून घेतली. हा खरा वकील व्हायचा.” हे त्याने थट्टेने म्हटले. मला ती थट्टा वाटली नाही, आजही वाटत नाही. माझे आयुष्य त्याने घेतले होते हे त्याला पुरते ठाऊक होते, आणि त्यावर तो विनोद करीत होता.

तारीख त्याने पाळली नाही. एप्रिलमध्येच गेला.

दामोदर गोरगरिबांची कामे फुकट चालवी, असे मागच्या अंकात आहे. मला ठाऊक असलेली अशी दोन कामे आहेत, ती खरी आहेत, आणि त्यातले एक तो जिंकला. तो उत्तम बोलत असे. मुलांना कधी मारले नाही. हे मी लिहिले पाहिजे, म्हणून लिहिले.

परवाच्या अकरा तारखेला, रविवारी, आम्ही तोतारामकडे जमलो. दहा जण. मास्तरांना दोघांनी धरून आणले. तोतारामने सवयीने बारा खुर्च्या मागवल्या होत्या, पहिली रिकामी होती. तो म्हणाला, “पुंडलिक, आते तू बस तठे.” मी सगळ्यांना उभ्यानेच धुळ्याची हकीकत सांगितली, दामोदर काय बोलला ते शब्दशः. मग एकजण म्हणाला, “गेलेल्या माणसाबद्दल आता कशाला?” तोताराम खाली बघत म्हणाला, “भो, त्यानं कबूल केलं हे तूच सांगतोस. तो काही सांगायला येत नाही.” वहिनींनी ऐकले आहे, हे माझ्या ओठांवर आले होते. पण नवरा जाऊन महिना झालेल्या बाईला साक्षीला बोलावण्याइतका मी खाली गेलेलो नाही. मी मास्तरांकडे वळलो. “मास्तर, मी वर बसू का?”

मास्तरांना आता नीट दिसत नाही. त्यांनी खुर्चीच्या रोखाने तोंड केले. “दामोदर आला नाही ना?”

“नाही, मास्तर.”

“मग कसा बसशील? गैरहजर मुलाचा नंबर घ्यायचा नाही, हे शिकवलं होतं मी तुम्हाला. तो येईल, चुकेल, तेव्हा वर जायचं.”

नियम खरा होता. ताप आलेल्या मुलाची जागा आम्ही आठ-आठ दिवस मोकळी ठेवत असू. मी दुसऱ्या खुर्चीवर बसलो. जेवण झाले, गप्पा झाल्या, मास्तरांना झोप लागली. बोलता बोलता पहिल्या खुर्चीवर कोणी टोपीसुद्धा ठेवली नाही.

संध्याकाळी मांडववाला खुर्च्या न्यायला आला. भाडे खुर्चीला एक आणा. तोताराम अकरांचेच देऊ लागला. “कोनी बसनंच नही तठे, तिनं कसानं भाडं?” मांडववाला म्हणाला, “शेठ, खुर्ची तर दिनभर तुमनाकडेच व्हती.” दोघांचे बराच वेळ चालले. शेवटी मीच खिशातून एक आणा काढून मांडववाल्याच्या हातावर ठेवला. दिवसभर त्या खुर्चीवर कोण बसले होते ते मला ठाऊक होते, आणि त्याच्याकडून आता वसूल होणार नव्हते.