चोवीस तास पाणी

आमच्या महिला महाविद्यालयात प्रवेशाच्या दिवसांत पोर्चमध्ये एक टेबल मांडतात आणि त्यावर ‘मदत कक्ष’ अशी पाटी ठेवतात. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना त्या टेबलामागे माझी नेमणूक झाली. अक्षर बरं आणि आवाज मोठा, एवढीच माझी पात्रता. मी सोलापुरातलीच. वडील चिंचोळी एमआयडीसीत कामाला आणि मी रोज सायकलवरून कॉलेजला येणारी. होस्टेलमध्ये मी एक दिवसही राहिलेली नव्हते. पण मदत करणाऱ्याला माहिती असलीच पाहिजे, असा काही आमच्याकडे नियम नव्हता.

माहिती कागदावर होती. प्राध्यापकांच्या एका समितीने ‘विद्यार्थिनींचे नेहमीचे प्रश्न’ असा छापील कागद तयार केला होता. वीस प्रश्न, वीस उत्तरं. हे प्रश्न कुठल्याही विद्यार्थिनीला न विचारता काढलेले असल्यामुळे उत्तरं फार छान जमली होती. पहिला प्रश्न होता, ‘महाविद्यालयाचे ध्येय काय?’ मी दहा दिवस त्या टेबलामागे बसले. ध्येय कुणीही विचारलं नाही.

खरं म्हणजे मुली काहीच विचारत नव्हत्या. विचारायचे ते बाप, मामा नाहीतर थोरला भाऊ. मुलगी फाईल छातीशी धरून मागे उभी. फाटक किती वाजता बंद होतं? सर जास्त की मॅडम जास्त? वर्गात मोबाईल चालतो का, आणि चालत नसेल तर तो घरीही देऊ नका असं कॉलेजच्या शिक्क्यानिशी लिहून मिळेल का? एका मामांनी विचारलं, बी.ए. करून पोरीला पुढे काय मिळतं. मी स्वतःच बी.ए. करत होते, त्यामुळे हा प्रश्न मला जरा लागला. मी त्यांना सतरावं उत्तर मोठ्याने वाचून दाखवलं. त्यात ‘सर्वांगीण’ हा शब्द तीनदा होता. मामा गप्प झाले आणि मला फार बरं वाटलं.

शेवटच्या दिवशी सांगोल्याकडच्या एका खेड्यातून एक मेंढपाळ बाप आला. मागे मुलगी. बारावीला तिचे गुण माझ्यापेक्षा चांगले होते, हे मी फाईल बघताना मुद्दाम पाहून घेतलं. रोज येऊन-जाऊन करणं तिला शक्य नव्हतं, म्हणजे होस्टेल मिळालं तरच कॉलेज. बापाने ते सरळच सांगितलं. सोय बरी असली तर ठेवणार, नाहीतर पोरगी घरीच बरी. गावात टँकर आला की पाणी धरायला माणूस लागतो आणि तो माणूस म्हणजे हीच. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला.

“मॅडम, तितं पानी हाय का?”

अकरावं उत्तर असं होतं, ‘वसतिगृहात चोवीस तास पाण्याची सोय आहे.’ हे उत्तर खोटं नव्हतं. कॉलेजच्या तपासणीला बाहेरगावची मंडळी आली होती, तेव्हा होस्टेलमागे दोन टँकर उभे केले होते आणि तीन दिवस बागेतल्या नळालाही पाणी होतं. समितीने नेमका त्याच आठवड्यात कागद लिहिला. आमच्या गल्लीत तेव्हाही पाणी चार दिवसांनीच येत होतं. सोलापुरात राहून त्या वाक्यावर विश्वास ठेवायचा तर फार शिक्षण लागतं.

म्हणजे मला ठाऊक होतं. पण फाईलच्या वरून ती मुलगी पहिल्यांदाच माझ्याकडे बघत होती. मी अकरावं उत्तर वाचून टाकलं, तेही सगळ्या पोर्चला ऐकू जाईल अशा आवाजात. बापाने दोनदा विचारून खात्री केली आणि म्हणाला, मग ठेवतो, हितं तरी तिला घागर धराया नको.

आठ दिवसांत ती मला लायब्ररीत शोधत आली. अकरावं उत्तर कुणी लिहिलं, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. होस्टेलच्या अंगणात फाटकाजवळ एकच मोठा नळ होता. चार दिवसांनी त्याला पाणी यायचं आणि प्रत्येकीने आपापली बादली भरून खोलीत न्यायची. बादल्यांची अदलाबदल होऊन भांडणं नकोत, म्हणून त्यांवर नेलपॉलिशने खुणा केलेल्या. मला वाटलं, ही आता मला चांगलीच झापणार. पण ती म्हणाली, यातलं घरी कळता कामा नये. दर रविवारी बापाचा फोन यायचा, पाणी कसं आहे ते विचारायचा, आणि ती सांगायची, चोवीस तास. माझं खोटं आता तिला दर आठवड्याला बोलावं लागत होतं. मला मनापासून लाज वाटली. पण लाज वाटून मी केलं काय? काही नाही.

डिसेंबरात तिचा बाप न सांगता आला, पिशवीभर डाळिंबं घेऊन. नेमका पाण्याचा दिवस. मी फाटकाशी सायकल लावत होते. त्यांनी आत पाहिलं, तर लेक रांगेत सगळ्यांत पुढे, हातात बादली. मग त्यांनी मला ओळखलं. तुमीच सांगितलं हुतं न्हवं, असं त्यांनी अगदी शांतपणे विचारलं. वीसपैकी एकही उत्तर मला आठवेना.

ते लेकीकडे वळले. “सामान बांध. पानीच भरायचं तर घरचं भर की. तितं तुजी आय एकटी भरतीया.”

तोवर तिची बादली नळाखाली गेली होती. ती भरून वाहायला लागली तरी कुणी हलवली नाही. सोलापुरात असं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

“हितं मी माज्यापुरतं भरते, आबा,” ती म्हणाली. “घरी सात जणांचं आन् मेंढरांचं भरत हुते.” मग खाली बघत म्हणाली, “आय एकटी भरतीया, तर तुमी भरा की.”

रांगेतल्या पोरी जागच्या जागी थिजल्या. मलाही भीती वाटली, की आता हिचं कॉलेज संपलं. आबांनी डाळिंबांची पिशवी फाटकाच्या खांबाला टेकवून ठेवली आणि स्टँडच्या दिशेने निघून गेले.

त्या रविवारी फोन आला नाही. पुढच्याही आला नाही. तिने सामान कपाटातून काढून ठेवलं, पण बांधलं नाही, आणि परत लावलंही नाही. तिसऱ्या रविवारी फोन आला. बापाने अभ्यास कसा चाललाय ते विचारलं. पाण्याचं काहीच विचारलं नाही.

जूनमध्ये मी पुन्हा त्याच टेबलामागे. अकरावं उत्तर बदला, असं मी समितीला सांगून पाहिलं होतं. पण जुने कागद बरेच शिल्लक होते आणि ते संपेपर्यंत पाणी चोवीस तासच राहणार होतं. दुसऱ्या दिवशी रांगेत तिचे वडील दिसले. या वेळी सोबत धाकटी लेक. त्यांच्या पुढे अक्कलकोटकडचे एक गृहस्थ होते, त्यांनी मला होस्टेलच्या पाण्याचं विचारलं. मी कागद बाजूला सारला. पण मी तोंड उघडायच्या आत मागून उत्तर आलं.

“चार दिसानं येतंय. बादली संगं द्या. पर पोरीला आपल्यापुरतंच भराया लागतंय.”

गृहस्थांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं, थोडा विचार केला आणि होस्टेलचा अर्ज मागितला.

मग यांचा नंबर आला. धाकटी मागेच होती. त्यांनी तिला पुढे केलं. फाईल तिच्याच हातात होती. मी ती उघडली आणि त्यांना विचारलं, आता दोघीही इकडे आल्या, मग घरचं पाणी कोण भरणार?

त्यांनी मागे वळून रांगेत आपल्या गावाकडचं कुणी आहे का ते बघून घेतलं. मग टेबलावर वाकून, आवाज बारीक करून म्हणाले, “मी हाय की.”