पाच मुठी ज्वारी

आधीच सांगून टाकते, आमच्या घरात लिंबू-मिरची फक्त स्वयंपाकाला लागते. अमावास्या असो की ग्रहण, माझी शिलाई मशीन कधी थांबलेली नाही. सासूबाई अंगारे-धुपारे सुरू करायच्या तेव्हा मी मुद्दाम पायडल जोरात मारायची. तेव्हा हे वाचून कोणाला हसू आलं तर हसा... चार महिन्यांपूर्वी मीही हसले असते.

आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यात, बोथपासून ऑटोनं वीस मिनिटं. घरी मी, नवरा गजानन, सासूबाई आणि सहा वर्षांची गौरी. शेतात कापूस आणि ज्वारी. मी घरी ब्लाउज आणि शाळेचे युनिफॉर्म शिवते. माणूस समोर आला की मला त्याचं नाव नंतर आठवतं, माप आधी दिसतं. पुढे हे कामाला येणार आहे, म्हणून सांगितलं.

गौरीच्या हृदयाला जन्मापासून छिद्र. पहिल्या महिन्यात ती दूध पिता पिता निळी पडायची. तेव्हा सासूबाईंनी इकडची जुनी रीत केली. लेकरू जगत नसेल तर त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवायचं. दुसऱ्या बाईनं ते उचलायचं आणि म्हणायचं, मला सापडलं, माझं आहे. मग आईनं त्याच सुपात पाच मुठी ज्वारी घालून तिला द्यायची आणि लेकरू मागून घ्यायचं. म्हणजे मरणाला वाटतं, हे फेकलेलं पोर, याला काय न्यायचं!

उचलायला आली शेजारची पोसक्का. तेलुगू बाई, स्वतःच्या मळ्यातली भाजी विकायची, स्वतःला मूल नव्हतं. मी बाळंतीण, खाटेवर. मला कोणी विचारलंच नाही. खिडकीतून पाहिलं तर माझी पोर उकिरड्यावर! मी तशीच धावत गेले आणि पोसक्काच्या हातातून तिला हिसकून घेतलं. ज्वारी नाही, मागणं नाही, काही नाही. वर सगळ्यांना चार शब्द सुनावले. पोसक्का बिचारी हसली. त्यानंतर रोज दुपारी भाजी विकून आली की आमच्या उंबऱ्याजवळ एक गुडघा वर करून बसायची आणि गौरीला ‘ना बिड्डा’ म्हणायची, म्हणजे माझं लेकरू. गौरी दोन वर्षांची असताना ती गेली. गौरीला तिचा चेहराही आठवत नाही.

या हिवाळ्यात नागपूरला गौरीचं ऑपरेशन झालं. छातीचं हाड कापून परत तारेनं बांधलेलं. डिस्चार्जच्या वेळी नर्सनं मला एकटीला बाजूला घेऊन शिकवलं, की दोन महिने हिला काखेत धरून उचलायचं नाही, हाड सरकेल. एक हात पाठीखाली, एक हात मांड्यांखाली, असं खालून उचलायचं. हातही खांद्याच्या वर जाऊ द्यायचे नाहीत. घरी आल्यावर मी दुसऱ्या कोणाला तिला उचलूच दिलं नाही. गजाननलासुद्धा नाही.

घरात अडचण एकच, कापूस. आमच्याकडे वेचलेला कापूस भाव येईपर्यंत घरातच भरून ठेवतात. मधली खोली निम्म्याच्या वर भरलेली, दाराला आडव्या फळ्या लावून अडवलेली. त्याच दाराच्या अलीकडे गौरीची खाट. मी भांडले, “काढा तो कापूस, पोरीच्या छातीत धूळ जाईन.” पण ठेवणार कुठे? शेवटी दारावर प्लास्टिकचा कागद ठोकला.

घरी आल्यावर आठव्या दिवशी, दुपारी, कागद नीट करताना आत नजर गेली. पलीकडच्या खिडकीखाली कापसात खड्डा होता. गोल, खोल, कोणीतरी बसून उठल्यासारखा.

गजानन म्हणाला, “मांजर बसली असन.”

“येवढी मोठी मांजर असन तर वखराला जुंपा तिले,” मी म्हटलं. तो हसला, मीही हसले. फळ्यांवरून वाकून मी वेळूच्या काठीनं कापूस सारखा केला.

दुसऱ्या दिवशी खड्डा परत होता. पण खिडकीखाली नाही, भिंतीवरच्या मधल्या खुंटीखाली. तिसऱ्या दिवशी अलीकडच्या खुंटीखाली. दरवेळी दुपारीच दिसायचा. मधल्या कापसावर पाऊल नाही, ओरखडा नाही. फोटो काढले, पण पांढऱ्यावर पांढरं, काहीच कळत नाही. चौथ्या दिवशी तो दारापासून हातभर अंतरावर आला. मी टेप लावला, फळीपासून सव्वीस इंच. आणि मग जवळून पाहिलं. एक मोठा खड्डा, त्याच्या पुढे डाव्या बाजूला एक छोटा, टाचेचा. मांडी घातलेली नव्हती. एक गुडघा वर करून बसणाऱ्या बाईचं माप होतं ते. मी तिचे ब्लाउज शिवलेले आहेत हो... मला कळतं.

घरात कोणाला सांगितलं नाही. सांगणार तरी काय? खाट ओढून समोरच्या भिंतीला लावली. गौरी आपली निजल्या निजल्या माझ्याकडे बघत होती. म्हणाली, “आई, तू काऊन भेऊन राह्यली? ते चांगली हाये.”

“कोण?”

“मले उचलते ना, ते. खालून उचलते, तुयासारखी. दुखत नाही.”

खरं सांगते, भीती भीती म्हणतात ती त्या दिवशी मला पहिल्यांदा कळली. त्याआधी ऑपरेशन थिएटरबाहेर बसले होते ती काळजी होती. ही वेगळी. माझ्या पोरीला कोणीतरी उचलत होतं आणि ते मला दिसत नव्हतं.

पाचव्या दिवशी मी तिच्याजवळून हललेच नाही. ती दोन घास जेवली, दमल्यासारखी वाटली, म्हणून आडवी केली. तेवढ्यात नळाला पाणी आलं. एक दिवसाआड येतं, सोडून चालत नाही. सासूबाई बाहेर गेलेल्या. दोन हंडे भरायला किती वेळ लागतो? दहा मिनिटं म्हणा.

परत आले तर खाट रिकामी.

प्लास्टिकचा कागद जागच्या जागी, खिळेसुद्धा तसेच. पण आतून धाप लागल्याचा आवाज येत होता. मी तो कागद दातांनी फाडला की हातांनी, आठवत नाही. गौरी कापसात बसलेली होती. त्या खड्ड्यात. कमरेपर्यंत कापूस, अंग थोडं पुढे झुकलेलं, दोन्ही हात आणि हनुवटी पुढे टेकलेली... आणि टेकायला पुढे काहीच नव्हतं. हवेवर टेकली होती ती. गुडघ्याच्या उंचीवर.

फळ्या माझ्या छातीइतक्या उंच आहेत. त्या पोरीला स्वतःची वेणी सोडवायला हात वर नेता येत नव्हता.

मी फळ्या ओढून काढल्या. कापूस अंगावर आला, त्यातून शिरले, खालून हात घातले आणि तिला उचललं. क्षणभर ती सुटली नाही. जड लागली, दोघींनी धरल्यासारखी. मी ओरडले, “सोड! माझी हाये ते!” आणि ती एकदम हलकी झाली.

ओठ निळे होते. शेजाऱ्याच्या जीपनं आदिलाबाद गाठलं. रस्ताभर ती माझ्या मांडीवर आणि मी रडत.

डॉक्टरांनी इको केला. हृदयाभोवती पाणी साचलेलं. ऑपरेशननंतर कधीकधी होतं म्हणे. सुई घालून काढलं, तेव्हा कुठे पोरीचा श्वास मोकळा झाला. नंतर ते मला म्हणाले, “पुढे झुकवून बसवून ठेवलंत म्हणून इथवर आली. आडवी राहिली असती तर कठीण होतं. कोणी शिकवलं तुम्हाला?”

आडवी तर मीच केली होती. गजानन म्हणाला, “हिलेच सुचलं, डॉक्टरसाहेब.”

घरी आल्यावर सासूबाईंना सगळं सांगितलं. वाटलं, आता अंगारा काढतील. पण त्या हळूच म्हणाल्या, “तू पोर हिसकून आणली होती ना माय तवा. मांगून नाही घेतली. पोसक्काच्या हिशोबानं ते अजून तिचीच हाये.”

“वाचवायला आली होती का न्यायला?” मी विचारलं.

“मले काय मालूम,” त्या म्हणाल्या. “पण मांगून तर घे.”

आणि मी मागितली. मी! दिवसाढवळ्या, दुपारी, सूप घेतलं, पाच मुठी ज्वारी घातली आणि दारात उभी राहिले. गजाननं कापूस आत ढकलून फळ्या परत लावल्या होत्या, तरी खड्डा होताच, आता फळीला लागून. सूप त्यात ठेवलं. म्हटलं, “पोसक्का, चुकलं माझं. तू सांभाळली. आता माझी मले दे.”

गौरी झोपली होती. मी तशीच तिथे बसून राहिले, गजानन शेतातून येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी खड्डा नव्हता. कापूस वरपासून खालपर्यंत सारखा, कोणी हात फिरवल्यासारखा. नंतर तो विकला, खोली धुतली, पुन्हा काही दिसलं नाही. गौरी आता शाळेत जाते. तपासणीला नागपूरला गेलो तर डॉक्टर म्हणाले, एकदम फर्स्टक्लास, आता कसंही उचला.

पाणी साचलं ते मला समजतं. ती कापसात कशी गेली, कशाला टेकून बसली, हे आजवर कोणी समजावून सांगू शकलेलं नाही. पण माझी झोप उडवणारी गोष्ट वेगळीच आहे. रीत अशी, की दुसरीनं ज्वारी घ्यायची आणि लेकरू द्यायचं. त्या दिवशी खड्डा गेला, पण सूप कापसावर तसंच होतं. ज्वारीही तशीच. मी मूठ मूठ करून मोजली, पाचच्या पाच.

तिनं घेतली नाही. मग दिली की नाही?

अजूनही मी गौरीला काखेत धरून उचलत नाही. खालून हात घालते, परक्याचं लेकरू उचलावं तसं, जपून.