दुसऱ्या खुंटीवरची पगडी

आमच्या चौथ्या मास्तरांइतका बढतीवर जीव असलेला, आणि बढतीसाठी बोटसुद्धा न हलवणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात शोधून सापडायचा नाही. मी अकोल्याच्या सरकारी शाळेत पाचवा मास्तर म्हणून लागलो तेव्हा ते चौथे होते, म्हणून सगळ्यांच्या तोंडी ते चौथेच राहिले. पुढे ते तिसरे झाले, दुसरे झाले, हंगामी हेडमास्तरही झाले; पण गावाने त्यांना बढती दिली नाही. आईवडिलांनी ठेवलेलं नाव पगाराच्या दिवशी तेवढं पुकारलं जाई, आणि तेव्हा हे कोणाला बोलावताहेत म्हणून ते स्वतःच मागे वळून बघत.

शाळेच्या ओसरीत भिंतीला पाच खुंट्या होत्या. वऱ्हाडचं ऊन असं, की वर्गात पगडी उतरवायची मुभा होती. पहिली खुंटी हेडमास्तरांच्या खुर्चीमागे; पाचवी, म्हणजे माझी, थेट दाराशी, येणाऱ्याचा खांदा लागून पगडी खाली पडावी अशी. बाकीचे मास्तर हाताला येईल त्या खुंटीवर पगडी टाकून मोकळे होत. शाळा भरली की चौथे मास्तर एक फेरी मारून ज्याची पगडी त्याच्या खुंटीवर नेऊन लावत आणि मगच फळ्याकडे वळत. माठातलं पाणी ते तिघं थोरले प्याल्याशिवाय पीत नसत. वैशाखात एकदा हेडमास्तरांनी पाणी प्यायला उशीर केला, तर हे घेरी येऊन पडले, तोंडावर पाणी मारलं तेव्हा शुद्धीवर येऊन पहिला प्रश्न त्यांनी विचारला, "थोरले प्याले काय?" मुंजीच्या पंगतीतही ते चौथं पान धरून बसत. तिसऱ्या पानावर एखादा पाहुणा चुकून बसलाच, तर वरणभात निवला तरी चालेल, पण यांचा घास उचलत नसे.

आम्ही मास्तर मंडळी राहायचो जुन्या शहरात आणि शाळा होती मोर्णेच्या पलीकडे. एका पावसाळ्यात नदीला पाणी चढलेलं, आणि आम्ही एकामागे एक उतारातून चाललो होतो. मध्यावर तिसऱ्या मास्तरांचं धोतर सुटलं. ते थांबले, म्हणून चौथे थांबले, म्हणून मी थांबलो. पाणी कमरेच्या वर यायला लागलं तसा मी ओरडलो, "मास्तर, बाजूनं व्हा न पुढं!"

"तिसऱ्या मास्तराच्या पुढं?" त्यांनी मागे वळून माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी काही अचकट बोललो होतो. "तुले काय वाटते बापू, पूर आला म्हून नंबर वाहून गेले?"

अशा या माणसाला बढती दिली ती कापसाने. तिकडे अमेरिकेत लढाई पेटली आणि इकडे आमच्या काळ्या मातीतल्या कापसाला न भूतो असा भाव आला. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या दिसू लागल्या. अमरावतीच्या कापसाच्या पेढ्यांना दोन ओळी इंग्रजी लिहिणारा कोणीही चालत होता, आणि असा माणूस शाळेवाचून मिळणार कुठे? आधी तिसरे मास्तर गेले, मग दुसरे. प्रत्येक वेळी चौथे मास्तर थोडे दिवस वाट बघत, न जाणो गेलेल्याचं मन पालटलं तर; मग खुंटी उपरण्याने पुसत, तिच्यावर स्वतःची पगडी लावत आणि शाळेत गूळखोबरं वाटत. त्यांच्या मागोमाग मीही सरकत होतो. माझं गूळखोबरंही तेच वाटत.

त्यांनाही बोलावणं आलंच. एक दलाल दमणी जुंपून दारात आला आणि पाचपट पगार बोलला. मास्तरांनी शांतपणे विचारलं, "तुमच्याकडं बढती कशी होते?"

"शेटजी खूश झाले का होते."

"अन् नंबर?"

"कायचा नंबर? गठ्ठ्याचा?"

मास्तर उठून घरात गेले. जाताना म्हणाले, "जिथं नंबर नाही, तिथं नोकरी नाही. ते यात्रा हाय." दलाल मला म्हणाला, तुमच्या मास्तरले एकदा वैद्याले दाखवा.

शेवटी थोरले मास्तर, म्हणजे आमचे हेडमास्तरच गेले. भर तासाला त्यांच्यासाठी गाडी आली, आणि "मास्तर, शाळा पाहा" एवढं म्हणून ते चढले. किल्ल्यांचा जुडगा कमरेला तसाच. सरकारी कायदा असा, की जागा सोडणाऱ्याने आपल्या हाताखालचं सगळं दुसऱ्याच्या स्वाधीन करायचं; त्याला म्हणायचं चार्ज. चौथे मास्तर "चार्ज! चार्ज!" करत गाडीमागे पार नदीपर्यंत धावले. पृथ्वीचा गोल कपाटात अडकला तो लोहार येऊन कुलूप तोडीपर्यंत. त्यानंतर बारशात, लग्नात, स्मशानात, कुठेही त्यांचं एकच गाऱ्हाणं: "चार्ज न देता गेले हो!"

आता ते हंगामी हेडमास्तर झाले होते, पण पगडी अजून दुसऱ्या खुंटीवरच. शाळा तपासणारा साहेब येऊन हुकूम कायम करीपर्यंत पहिलीला शिवायचं नाही. रोज सकाळी ती खुंटी मात्र पुसून ठेवत, आणि पुसताना जरा जास्तच वेळ लावत. त्यांच्या घरच्या काकूंनी अमरावतीहून लाल पगडी मागवून पेटीत ठेवली होती. कायम झाल्यावर डोक्यावर चढायची होती ती. नवऱ्याशी चारचौघांत बोलायची रीत नसल्यामुळे त्या माझ्यामार्फत विचारत, "बापू, इचारा त्याइले, पगडी काढू काय?" आतून उत्तर येई, "सायब येऊ दे." आयुष्यभरात या माणसाला दुसरं काही हवंसं वाटलेलं मी पाहिलं नाही.

साहेब यायच्या आत लढाई मिटली आणि कापूस भुईला बसला. साहेब तपासणीला आला त्या दिवशी ओसरीच्या पायरीशी थोरले मास्तर उभे. डोक्याला उपरणं गुंडाळलेलं. पगडीसुद्धा राहिली नव्हती. काहीही जागा द्या, म्हणाले. साहेबाने हिंदुस्थानीत सुनावलं, नोकरी सोडून गेलेल्याला शेवटची जागा मिळेल. म्हणजे दाराजवळची, पाचवी खुंटी. त्यांच्या हाताखाली मी इंग्रजी शिकलो होतो. मला मान वर करवेना. थोरले मास्तर "जी हुजूर" म्हणाले. साहेबाने चौथ्या मास्तरांच्या कायम हुकुमावर सही करायला टाक दौतीत बुडवला.

तेवढ्यात चौथे मास्तर खाकरले.

"हुजूर, इन्होंने चार्ज नाही दिया."

"क्या?"

"चार्ज नाही दिया. जब तक चार्ज नाही, तब तक जगह खाली नाही. कायद्यानं हेडमास्तर अजून हेच हायत."

मी मागून त्यांचा अंगरखा ओढला. त्यांनी तो सोडवून घेतला. साहेब आधी हसला, मग कायद्याचं पुस्तक मागवून बराच वेळ वाचत बसला. कायदे नवे होते, आणि साहेबही त्यांना आमच्याइतकाच भीत असे. अखेर त्याने थोरल्या मास्तरांकडे पाहिलं. थोरल्यांनी कमरेचा जुडगा सोडून टेबलावर ठेवला. एवढ्या दिवसांत त्यांनी तो काढलाच नव्हता. साहेबाने तो उचलून त्यांच्याच हातात परत दिला आणि टाक पुसून ठेवला.

घरी जाताना मी चिडून म्हणालो, "मास्तर, हे काय केलंत? हाताशी आलेली जागा!"

"मी काय केलं? त्यायचा नंबर पहिलाच होता. तो काय कापसासंगं खाली येते?"

काकू दारातच उभ्या होत्या. "बापू, इचारा त्याइले, पगडी काढू काय?" मास्तर पायावर पाणी घेत होते. दुसऱ्या पायावर तांब्या रिकामा करून म्हणाले, "राहू दे. कसर लागू नये म्हून कडुनिंबाचा पाला ठेव."

थोरल्या मास्तरांची तब्येत ठणठणीत निघाली. ते खुर्चीवर राहिले आणि चौथे मास्तर दुसरे म्हणूनच निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी ते लाल पगडी घालून आले. घड्यांवर तिचा रंग उडाला होता. हातात रोजची जुनी पगडी होती. ती त्यांनी दुसऱ्या खुंटीवर लावली आणि दिवसभर लाल पगडी डोक्यावर ठेवूनच शिकवलं. संध्याकाळी मला चार्ज दिला: खडू, रूळ, फुटकी दौत, वर्गातलं कोणतं पोर डोळ्यांनी अधू आहे तेही. मग नदीकडे चालू लागले. खुंटीकडे लक्ष गेलं तसा मी मागे धावलो.

"मास्तर, जुनी पगडी राहिली!"

"असू दे तिथंच." ते थांबले, पण वळले नाहीत. "पुरा चार्ज देल्ला का मानूस सुटते, बापू. मले नाही सुटायचं."

पुढे मी दुसरा मास्तर झालो, आणि थोरले गेल्यावर हेडमास्तरही. एकदा नव्या शिपायाने ती खुंटी कोणाची म्हणून विचारलं. मी म्हणालो, दुसऱ्या मास्तरांची, येतील ते. शाळा भरली की मी रोज एक फेरी मारतो, आणि तिथे आल्यावर उपरण्याने ती पगडी पुसतो. पुसताना जरा जास्तच वेळ लागतो.